टिकाऊ शेतीचा हिशेब : कुंभार पिंपळगाव परिसर

शेती टिकाऊ आहे की नाही हे ठरविण्याची काही मोजमापे आता रूढ झाली आहेत. जमिनीत सेंद्रिय कर्ब किती उरला, विहिरींची पातळी किती खाली गेली, एकरी खर्च किती आणि उत्पन्न किती, असे रकाने आखलेले तक्ते घेऊन विद्यापीठांची, सरकारची व संस्थांची माणसे गावोगाव येतात. ही मोजमापे निरर्थक आहेत असे मला म्हणायचे नाही. जमीन नापीक झाली तर पहिली चूल विझते ती मजुराचीच. म्हणून त्या मोजमापांशी आपलाही संबंध आहे. परंतु ह्या तक्त्यांत एक रकाना कधीच नसतो. ही शेती आजवर कुणाच्या श्रमांवर टिकली, आणि ज्यांच्या श्रमांवर टिकली त्यांच्या नावावर त्या शेतीतले काय आहे, हा तो रकाना. जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगाव परिसराच्या संदर्भात तो भरून पाहण्याचा प्रयत्न मी येथे करीत आहे.

१

कुंभार पिंपळगाव आज घनसावंगी तालुक्यात आहे. हा भाग पूर्वी अंबड तालुक्यात मोडत असे. १ मे १९८१ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यापासून जालना जिल्हा वेगळा झाला. दक्षिणेला गोदावरी, तिच्या काठाला भारी काळी जमीन, आणि नदीपासून वर यावे तसतशी मध्यम, हलकी आणि शेवटी मुरमाड बरड, अशी ह्या भागाची रचना आहे. पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. इतिहासाच्या पुस्तकांत हा परिसर येतो तो रामदासांचे जन्मगाव जांब येथे आहे म्हणून. येथे शेती कोणी केली, पाणी कोणी काढले, गुरे कोणी ओढली, ह्याचा इतिहास त्या पुस्तकांत सापडत नाही.

गावाच्या नावातच एक बलुतेदार आहे. कुंभाराने मडकी द्यायची आणि सुगीत खळ्यावर जाऊन आपला वाटा घ्यायचा, अशी ही पद्धत. ह्या पद्धतीचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. गाव स्वयंपूर्ण होते, बाहेरचे काही लागत नव्हते, जमिनीतून घेतलेले जमिनीलाच परत जात होते, असे सांगितले जाते. अलीकडे टिकाऊ शेतीच्या चर्चेत ही जुनी ग्रामव्यवस्था पुन्हा आदर्श म्हणून पुढे केली जात आहे. म्हणून त्या आदर्शातील एकच वस्तू आपण नीट तपासून पाहू. ती वस्तू म्हणजे मोट.

इंजिन आणि वीजपंप येण्यापूर्वी विहिरीचे पाणी वर येई ते चामड्याच्या मोटेने. गावातले जनावर मेले की ते ओढून नेण्याचे काम महारांचे. त्याचे कातडे कमवायचे ढोरांनी. मोट शिवायची चांभारांनी. मोटेचा नाडा वळायचा मातंगांनी. म्हणजे बागाईत शेतीचे त्या काळातले संपूर्ण यंत्र अस्पृश्य गणलेल्या जातींच्या हातांतून तयार होऊन विहिरीवर जाई. ते विहिरीत बुडे, त्यातून आलेले पाणी पाटाने मळ्यात जाई, त्यावर भाजीपाला आणि ऊस पिके, आणि ते सर्वजण खात. चामड्याच्या मोटेने विहीर बाटत नसे. मात्र ज्याने ते चामडे कमावले तो तहानेने व्याकूळ होऊन त्याच विहिरीवर गेला तर विहीर बाटे. धर्मशास्त्राने शिवाशिवीचे नियम किती हिशेबाने केले होते ते ह्या एका उदाहरणावरून दिसते. जेथे शेतीचे काम अडत होते तेथे विटाळ नव्हता. जेथे हक्काचा प्रश्न येत होता तेथेच तो होता.

महाराला बलुत्याबरोबर येसकरकी, तराळकी आणि वेठ होती. सारा पोहोचविणे, अधिकाऱ्याचे ओझे वाहणे, शिवेची राखण करणे, पाटलाच्या वाड्यावर लाकडे फोडणे ही कामे वेळीअवेळी होती. निजामी राजवटीत जहागीरदाराची वेठ त्यावर आणखी होती. ह्या सर्वांच्या बदल्यात खळ्यावरची पेंढी आणि काही ठिकाणी हाडकी-हाडोळ्याचा तुकडा मिळे. त्या शेतीचा उत्पादनखर्च कमी होता असे आजचे अभ्यासक म्हणतात तेव्हा तो कमी कशामुळे होता हे त्यांनी सांगितले पाहिजे. मजुरीच द्यावी लागत नसे हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. ज्या व्यवस्थेत श्रमाची किंमत धरलीच जात नाही ती व्यवस्था कागदावर कितीही शतके टिकाऊ दिसेल.

२

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १५ ऑगस्ट १९४९ ला जहागिरी संपल्या. १९५० साली कूळकायदा आला आणि १९५४ च्या कायद्याने इनामे रद्द ठरली. एवढे मोठे बदल अवघ्या सहा-सात वर्षांत झाले. ह्यातून मराठवाड्यातील दलितांना काय मिळाले? वेठ कायद्याने गेली, हे निश्चितच मोठे झाले. पण कूळकायद्याचा आधार ज्याची कूळ म्हणून नोंद होती त्याला. पाडव्याला साल धरणारा सालगडी कूळ नव्हता. त्याने एकच शेत वीस वर्षे कसले तरी ते कागदावर कुठेच उमटत नव्हते. १९५४-५५ च्या सुमारास खासरा पत्रके तयार झाली तेव्हा सालगड्याचे नाव त्यांत येण्याचा प्रश्नच नव्हता. सेवा संपली, सेवेबरोबर बलुते संपत गेले, आणि जमीन मात्र आली नाही. जुने बंधन तुटले तेव्हा माणूस मोकळ्या हातांनी रस्त्यावर उभा होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे फार आधी ओळखले होते. १९१८ साली लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी असे दाखविले की, तुकडा लहान की मोठा एवढ्यावरून शेती किफायतशीर ठरत नाही; जमिनीला श्रमाची आणि भांडवलाची जोड कोणत्या प्रमाणात मिळते त्यावर ते ठरते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' ह्या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक रीतीने कसायला द्यावी आणि कोणी जमीनदार, कोणी कूळ व कोणी भूमिहीन राहू नये, अशी मांडणी केली. ती मांडणी स्वीकारली गेली नाही. ती स्वीकारली गेली नाही म्हणूनच पुढचा गायरानाचा लढा लढावा लागला, असे माझे मत आहे.

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५३ साली मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १९५९ साली पुन्हा झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने देशभर जो सत्याग्रह केला त्यात तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेल्याचे चळवळीच्या इतिहासात नमूद आहे. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यांची मागणी होती. मागण्यांचे निवेदन प्रधानमंत्री लालबहादूर शास्त्री ह्यांना सादर झाले होते.

त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच, १८ ऑक्टोबर १९६५ रोजी, त्याच शास्त्रीजींच्या हस्ते पैठण येथे जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली. ह्या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून कोणी वाचत नाही. पहिली घटना चळवळीच्या इतिहासात जाते, दुसरी विकासाच्या. परंतु मराठवाड्याच्या शेतीचे पुढचे अर्धशतक समजायचे तर दोन्ही एकत्रच वाचाव्या लागतात. जमिनीची मागणी करणाऱ्याला तुरुंग मिळाला आणि जमीन असणाऱ्याला पाणी.

३

२४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते जायकवाडीचे लोकार्पण झाले. एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी. डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा. तो पैठणहून निघून जालना जिल्ह्याच्या गोदाकाठच्या भागातून पुढे परभणी जिल्ह्यात जातो. त्याच्या लाभक्षेत्राचा आकडा सुमारे १ लाख ४१ हजार हेक्टर. कुंभार पिंपळगावचा परिसर ह्या कालव्याच्या छायेत आला.

कालव्याने ह्या भागाचे रूप पालटले हे मान्य केले पाहिजे. पण पाणी जमिनीला मिळते, माणसाला मिळत नाही, हे आपल्या पाटबंधारे व्यवस्थेचे मूळ सूत्र आहे. ज्याच्याकडे चाळीस एकर त्याला चाळीस एकरांचे पाणी आणि ज्याच्याकडे जमीन नाही त्याला थेंबही नाही. कमाल जमीनधारणेचा कायदा २६ जानेवारी १९६२ पासून अमलात होता आणि १९७५ साली ती मर्यादा आणखी खाली आणून बारमाही बागाइतीसाठी १८ एकर व कोरडवाहूसाठी ५४ एकर केली गेली. धरण पुरे होत असताना आणि चाऱ्या निघत असतानाच ह्या कायद्याची कडक अंमलबजावणी झाली असती तर पाण्याखाली येणाऱ्या जमिनीचा काही भाग भूमिहीनांकडे वळला असता. तसे घडले नाही. कागदोपत्री वाटण्या झाल्या आणि जमीन ज्या घरात होती त्याच घरात राहिली. २००५ साली पाणीवापर संस्थांचा कायदा आला. त्यातही सभासदत्व जमीनधारकाला. भूमिहीनाला तेथे जागा नाही.

ह्याला दुसरा मार्ग नव्हता असे कोणी म्हणू नये. पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे ह्यांनी १९७४ पासून पाणी पंचायतीचा प्रयोग केला. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर एवढ्यालाच पाणी, ऊस लावायचा नाही, आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा, असे त्याचे नियम होते. म्हणजे जायकवाडीचा कालवा सुरू होत असताना पाण्याच्या न्याय्य वाटपाचा नमुना महाराष्ट्रातच उपलब्ध होता.

कालव्याबरोबर ऊस आला. अंकुशनगर येथे समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला; पुढे तीर्थपुरीलाही कारखाना झाला. एका हेक्टर उसाला वर्षाकाठी दोन ते अडीच कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे ह्या भागात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याच्या सुमारे तिप्पट. वरच्या धरणांत पाणी अडले, पाऊस कमी झाला की डावा कालवा कोरडा पडतो आणि शेवटाकडच्या चाऱ्यांना, ज्याला शेतकरी 'टेल' म्हणतात तेथे, पाणी पोहोचत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला आणि जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने झाडे तोडली. वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे ह्याचा वाद जलसंपत्ती नियमन प्राधिकरणापर्यंत आणि उच्च न्यायालयापर्यंत गेला. नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असे त्याचे रूप दाखविले जाते. मराठवाड्याच्या हक्काचे पाणी मिळालेच पाहिजे. मात्र ते मराठवाड्यात आल्यावर कोणाच्या शेतात जाते हाही प्रश्न तितकाच निकडीचा आहे आणि तो विचारणाऱ्याला प्रदेशद्रोही ठरविण्याचे कारण नाही.

कालव्याच्या अलीकडचा एक टप्पाही येथे नोंदवला पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याच्या वाड्यावस्त्या खडी फोडायला आणि पाझर तलाव खोदायला गेल्या. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यातून रोजगार हमीचा कायदा आला, आणि कामाचा हक्क कायद्यात लिहिणारे हे पहिले राज्य ठरले. ह्याचे श्रेय त्या खडी फोडणाऱ्या हातांना आहे. परंतु पाझर तलाव खोदला भूमिहीनांनी आणि त्याच्या पाझराने भरल्या त्या ज्यांना विहिरी होत्या त्यांच्या विहिरी. मजुराला आठवड्याची हजेरी मिळाली. शेतमालकाला कायमची मत्ता मिळाली. मोटेच्या काळातला व्यवहार वेगळ्या रूपात पुन्हा झाला.

४

ह्याच काळात बरडावर दुसरी एक शेती उभी राहत होती. गावाने टाकून दिलेल्या, दगडगोट्यांच्या गायरानावर दलित कुटुंबांनी दगड वेचून बांध घातले, पावसाने वाहून जाणारी माती अडविली आणि ज्वारी, बाजरी, तूर, तीळ पेरले. बैलजोडी नसेल तर उसनी आणली, तीही मिळाली नाही तर कुदळीने पेरले. कालव्याचे पाणी ह्या उंचावर चढत नव्हते. १९७८ साली नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाड्यात ज्या दंगली झाल्या त्यांत घरांबरोबर दलितांच्या शेतातील उभी पिकेही गेली, हे विसरता येत नाही. विद्यापीठाच्या नावाशी गायरानातल्या ज्वारीचा काय संबंध होता? संबंध एवढाच, की दोन्ही ठिकाणी दलित माणूस आपले नाव लिहू पाहत होता.

शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. ॲड. एकनाथ आवाड ह्यांच्या मानवी हक्क अभियानाने मराठवाड्यात हा प्रश्न गावागावांत नेला. तरीही पुष्कळ कुटुंबांचे कसणे आजही गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत आहे, सातबारावर नाही. त्यामुळे पीककर्ज नाही, किसान सन्मानाचा हप्ता नाही, दुष्काळी अनुदान नाही. कर्जबाजारी होऊन कोणी जीव दिला तर मदतीसाठीही कुटुंबाच्या नावावर जमीन असावी लागते. तीस-चाळीस वर्षे राबूनही सरकारच्या लेखी हा माणूस शेतकरी नाही. तो जमिनीवर शिरलेला परका आहे.

येथे एका आक्षेपाचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. गायरान हे गुरांचे चराऊ रान आहे, ते नांगरल्याने पशुपालकांचे आणि निसर्गाचे नुकसान होते, असे म्हटले जाते. ह्यात तथ्य आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये, सरकारने गायराने जंगलखात्यात घातल्यामुळे गरीब शेतकऱ्याच्या गुराढोरांची कशी दैना झाली हे लिहिले आहे. बांधबंधारे घालून डोंगरावरची माती शेतात अडविण्याची सूचनाही त्यांनीच केली. तेव्हा चराऊ रानाचे मोल आपल्याला इतरांनी शिकवायला नको. परंतु गायराने कमी झाली ती केवळ भूमिहीनाच्या दोन-तीन एकरांमुळे नाही. सरकारी इमारती, वसाहती आणि धनदांडग्यांची शेजारच्या बांधावरून सरकत आलेली शेते ह्यांनीही ती खाल्ली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा निर्णय दिला, पण शासकीय अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्ट्याने दिलेल्या जमिनी अपवाद म्हणून नियमित करता येतील असेही त्यात म्हटले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अतिक्रमणे वर्षअखेरपर्यंत काढण्याचा आदेश दिला तेव्हा गावोगाव नोटिसा निघाल्या आणि त्या धास्तीत हा अपवाद पुष्कळांना ठाऊकही नव्हता. कार्यकर्त्यांनी तो पाठ केला पाहिजे.

आता शास्त्रज्ञांचीच मोजमापे लावून पाहा. पावसावरची शेती, मिश्र पिके, कमी रसायने, अडविलेली माती, शेळ्यांचे खत, हे सर्व बरडावर आहे. खाली कालव्यावर उसामागून ऊस, दाबून दिलेले पाणी, काही ठिकाणी चोपण होत चाललेली काळी जमीन. टिकाऊ शेतीचे गुण ज्या शेतात आहेत तिला सातबारा नाही, आणि जिला सातबारा, कर्ज, पाणी व कारखाना आहे तिच्यात ते गुण नाहीत. अर्थात बरडावरच्या शेतीचा मी गौरव करणार नाही. तेथे रसायने कमी आहेत कारण खिशात पैसे कमी आहेत. पिके मिश्र आहेत कारण एक बुडाले तर दुसऱ्यावर जगायचे आहे. गरिबीला पर्यावरणनिष्ठा म्हणणे हा गरिबाचा अपमान आहे. शिवाय ते दोन-तीन एकर वर्षाचे पोट भरत नाहीत. दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन जोड्या ऊसतोडीला निघतात. माझ्या वर्गात दिवाळीनंतर काही बाके रिकामी होतात आणि परीक्षेच्या सुमारास पुन्हा भरतात. पाचटाने कापलेल्या हातांनी ही मुले उत्तरपत्रिका लिहितात. घरी गुरे आणि लहान भावंडे सांभाळणाऱ्या मुली तर परतही येत नाहीत. साखरेच्या शेतीच्या टिकाऊपणात ह्या रिकाम्या बाकांची नोंद कोणत्या रकान्यात करायची?

५

तेव्हा ह्या परिसराची शेती टिकाऊ आहे काय, ह्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. ती टिकून आहे, पण स्वतःच्या बळावर टिकून नाही. पूर्वी ती बलुत्यावर आणि वेठीवर टिकली, नंतर सालगड्यावर, आज ती स्थलांतरावर आणि बायकांच्या खुरपणी-वेचणीवर टिकली आहे. श्रमाची पूर्ण किंमत आणि पाण्याची पूर्ण किंमत धरली तर कालव्यावरचा ऊस एक हंगामही हिशेबात बसणार नाही.

सरकारकडे उपाय नाहीत असे नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नावाची सबलीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. भूमिहीन दलित कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागाईत जमीन, आणि २०१८ पासून पूर्ण अनुदानावर. पण तिचा कमाल दर त्या वर्षी कोरडवाहूला एकरी पाच लाख आणि बागाइतीला आठ लाख ठरला. कालव्याखाली त्या दराने जमीन विकायला कोण तयार होईल? आणि तयार झाला तरी दलिताला विकेल काय? ज्यांनी दादासाहेबांना तुरुंगात पाठविले त्या व्यवस्थेने त्यांचे नाव योजनेला दिले. त्यांची मागणी मात्र बाजारभावावर सोडून दिली.

म्हणून टिकाऊ शेतीची चर्चा आपण इतरांवर सोडून चालणार नाही. सेंद्रिय कर्ब आणि ठिबक हे विषय आपले नाहीत असे समजून आपण केवळ नोकरीतील राखीव जागांपुरते बोलत राहिलो तर गावात मागे राहिलेल्या आपल्या माणसांचा प्रश्न कोण बोलणार? शिकलेल्या प्रत्येकाने आपल्या गावाचा नमुना १-ई मागवावा, खासरा आणि पाहणीच्या नकला काढाव्यात, १४ एप्रिल १९९० पूर्वीचे पुरावे गोळा करावेत. विद्यार्थ्यांनी सुटीत हेच काम करावे. प्रबंधाच्या प्रस्तावनेपेक्षा ते अधिक उपयोगाचे होईल. पाणीवापर संस्थेत भूमिहीनाला सभासदत्व, पाण्यात माणशी वाटा, कसणाऱ्याच्या नावावर, आणि नवऱ्याइतकेच बायकोच्या नावावर, गायरानाचा पट्टा, आणि बरडावर माती-पाणी अडविण्याच्या कामाला पहिले प्राधान्य, ह्या मागण्या एकत्र मांडल्या पाहिजेत. त्यांतली एकेक सुटी करून मागितली तर ती पुन्हा जमीनवाल्याच्याच विहिरीत जाऊन पडेल.

मोट गेली, इंजिन आले, कालवा आला, ठिबक आले. पाणी वर आणणारे हात मात्र अजून त्या पाण्याचे मालक झाले नाहीत. ते होतील तेव्हाच कुंभार पिंपळगावची शेती टिकाऊ झाली असे म्हणता येईल.